राजकन्येचं माहेर: मारिया तेरेझाच्या लेकी आणि पंधराव्या लुईच्या लेकी

प्रश्न असा आला आहे: अठराव्या शतकात युरोपातल्या राजकन्या परक्या देशात लग्न होऊन जायच्या, तेव्हा त्यांचं माहेर कायमचं तुटायचं का? आणि तुटत नसेल, तर मारी आंत्वानेतचं माहेर म्हणजे ऑस्ट्रियासारखं बलाढ्य राज्य. त्यांनी तिला गिलोटीनपासून वाचवलं का नाही?

मी तीस वर्षं पदवीच्या वर्गांना युरोपचा इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांती आली की दरवर्षी कुणीतरी हे विचारायचंच, बहुतेक वेळा एखादी मुलगी. सुरुवातीची काही वर्षं मी 'राजकारण, दुसरं काय' एवढं म्हणून पान उलटायचे. पुढे या घराण्यांची छापून आलेली पत्रं वाचायचा नाद लागला आणि आपलं उत्तर किती थातूरमातूर होतं ते कळलं. माहेर तुटत नव्हतं. उलट आईचा हात लेकीच्या पाठीवरून हलतच नव्हता, आणि त्याच हातानं तिचा सासरी घातही केला. हे कसं, ते समजायला सगळं घर डोळ्यांसमोर हवं.

व्हिएन्नाहून ऑस्ट्रियाचं राज्य चालवणाऱ्या मारिया तेरेझाला १७३७ ते १७५६ या काळात सोळा मुलं झाली, अकरा मुली आणि पाच मुलगे. त्यांतली दहाच मोठी होऊन संसाराला किंवा मठाला लागली. वाचणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे सगळ्या मुलींच्या नावाआधी 'मारिया' आहे, म्हणून मी विद्यार्थ्यांना ते गाळून पुढचंच नाव लिहायला सांगायचे: आना, क्रिस्टीना, एलिझाबेथ, अमालिया, योहाना, योसेफा, कारोलिना आणि धाकटी अंतोनिया. या अंतोनियाचीच पुढे मारी आंत्वानेत झाली.

दुसरी गोष्ट १७५६ ची. तोवर फ्रान्सचे बूर्बों आणि ऑस्ट्रियाचे हाब्सबुर्ग हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी होते. त्या वर्षी प्रशियाच्या धाकानं त्यांनी हातमिळवणी केली. बूर्बों घराण्याच्या शाखा फ्रान्सबरोबरच स्पेन, नेपल्स आणि पार्मा इथंही गादीवर होत्या. नवी मैत्री टिकवायला रक्ताची गाठ हवी, म्हणून पुढची चौदा वर्षं व्हिएन्नानं आपली मुलं एकामागोमाग एक याच चार घरांत दिली आणि तिथल्या मुली आणल्या.

आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, साटंलोटं. थोरला मुलगा योसेफ याला पार्माची इसाबेला केली (ऑक्टोबर १७६०, म्हणजे पानिपताच्या तीन महिने आधी), आणि १७६९ मध्ये त्याची बहीण अमालिया इसाबेलाच्या भावाला दिली. त्याचा धाकटा भाऊ लिओपोल्ड याला १७६५ मध्ये स्पेनची मारिया लुईसा केली, आणि १७६८ मध्ये त्याची बहीण कारोलिना मारिया लुईसाच्या भावाला, नेपल्सच्या राजाला दिली. पुढच्या पिढीत १७९० मध्ये कारोलिनाची थोरली लेक लिओपोल्डच्या थोरल्या मुलाला, फ्रान्झला दिली. म्हणजे फ्रान्झची बायको एकाच वेळी त्याच्या मामाची मुलगी आणि आत्याचीही मुलगी! वर्गात फळ्यावर ही वंशावळ काढताना रेघा एकमेकींवर चढायच्या आणि पोरं हसायची. असल्या लग्नाला पोपची खास परवानगी लागे, आणि ती मिळे.

या साट्यालोट्यात मुलीला कोणी विचारत नसे हे वेगळं सांगायला नको. पण किती विचारत नसे, ते नेपल्सच्या सोयरिकीत दिसतं. तिथल्या फर्डिनांडसाठी आधी योहाना ठरली होती. ती १७६२ मध्ये बारा वर्षांची होऊन देवीनं गेली. मग तिच्या जागी योसेफा आली. निघायच्या तोंडावर, १५ ऑक्टोबर १७६७ ला, तीही देवीनंच गेली. स्पेनच्या राजाला, म्हणजे नवऱ्या मुलाच्या बापाला, आता आणखी एक बहीण हवी होती. अमालिया चालली असती, पण ती मुलापेक्षा पाच वर्षांनी मोठी म्हणून नको म्हणाले. मग कारोलिना गेली. गंमत बघा: ज्या कारणासाठी अमालिया नाकारली, ते कारण पार्माच्या वेळी कुणाला आठवलं नाही. तिथला फर्डिनांड नेपल्सच्या फर्डिनांडहून फक्त आठ दिवसांनी लहान होता.

योसेफाच्या मरणाची एक गोष्ट फार फिरते. आईनं तिला हट्टानं तळघरातल्या राजघराण्याच्या दफनभूमीत नेलं, तिथं देवीनं गेलेल्या वहिनीची (योसेफच्या दुसऱ्या बायकोची) शवपेटी नीट बंद नव्हती, आणि मुलीला तिथूनच लागण झाली, अशी. ती ऐकायला जबरदस्त आहे पण हिशेबात बसत नाही. पोरीच्या अंगावर पुरळ त्या भेटीनंतर दोन दिवसांत उठलं, आणि देवीला अंगात मुरून बाहेर पडायला आठ-दहा दिवस तरी लागतात. लागण आधीचीच होती. पण त्या वर्षी देवीनं त्या घराचं काय केलं ते खरं आहे. मे महिन्यात सून गेली, खुद्द मारिया तेरेझा मरता मरता वाचली, शरदात योसेफा गेली आणि एलिझाबेथला गाठलं. घरातली सगळ्यांत देखणी मुलगी ती. जगली, पण चेहरा गेला, आणि चेहऱ्याबरोबर लग्नाचा बाजारही उठला. पुढे ती इन्सब्रुकच्या मठाची प्रमुख झाली. यानंतर मारिया तेरेझानं यान इंगेनहाउस या डॉक्टरला बोलावून १७६८ मध्ये धाकट्या मुलांना देवी टोचून घेतल्या. जेन्नरची गाईची लस यायला अजून अठ्ठावीस वर्षं होती, तेव्हा टोचायचं ते माणसाच्याच फोडातलं पाणी.

मनासारखं लग्न या घरात एकीचंच झालं, क्रिस्टीनाचं. घरी तिला मिमी म्हणत. तिचा जन्म आईच्या वाढदिवशीचा, १३ मे, आणि आईची लाडकी. तिनं निवडलेला साक्सनीचा आल्बर्ट राज्य नसलेला धाकटा राजपुत्र होता. १७६५ च्या ऑगस्टमध्ये वडील गेले (त्यांचा या लग्नाला विरोध होता) आणि १७६६ च्या एप्रिलमध्ये आईनं लग्न लावून दिलं. दरबार अजून सुतकात, त्यामुळे सगळे काळ्या कपड्यांत आणि नवरी तेवढी पांढऱ्या. व्हिएन्नातलं आल्बेर्टिना हे चित्रसंग्रहालय या जोडप्याच्याच संग्रहातून उभं राहिलं. पण बाकीच्या भावंडांनी मिमीला कधी माफ केलं नाही. एक म्हणजे एकाच आईच्या पोटी येऊन तिला वेगळा न्याय, आणि दुसरं, ती घरातल्या गोष्टी आईच्या कानावर घालते हा समज. अमालियाचं मन तेव्हा त्स्वाइब्र्युकेनच्या राजपुत्रावर होतं. तिला मात्र पार्माला जावं लागलं. तिनं आईला आयुष्यभर क्षमा केली नाही. पार्मात गेल्यावर तिनं दोन वर्षांत माहेरचा आणि फ्रान्सचा विश्वासू मंत्री घालवला, आईच्या पत्रांना जुमानलं नाही. माझ्या मते या सगळ्या बहिणींत माहेर खऱ्या अर्थानं तोडलं ते अमालियानं, आणि तेही स्वतःहून.

आता जाणाऱ्या मुलीबरोबर माहेर काय काय पाठवायचं ते पाहू. अंतोनियाचं लग्न १९ एप्रिल १७७० ला व्हिएन्नात लागलं. नवरदेव, म्हणजे पंधराव्या लुईचा नातू आणि पुढचा सोळावा लुई, फ्रान्सलाच होता, त्याच्या जागी तिचा भाऊ फर्डिनांड उभा राहिला. त्याच्या दोन दिवस आधी तिनं आपल्या वारसाहक्कावर पाणी सोडल्याची सही केली होती. आपल्या तलाठी कार्यालयात बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, तोच हा प्रकार, फक्त जमिनीऐवजी साम्राज्य. २१ एप्रिलला ती निघाली तेव्हा आईनं एक लेखी नियमावली हातात दिली आणि ती दर महिन्याला वाचायची असं बजावलं. कधी प्रार्थना करायची, कुणाची शिफारस करायची नाही, पत्रं कुणाला लिहायची, सगळं त्यात होतं. पोरगी चौदा वर्षांची होती.

७ मे ला ऱ्हाइन नदीतल्या बेटावर तिला फ्रेंचांच्या हवाली केलं. तिथं तिचं अंगावरचं शेवटचं वस्त्रही उतरवून फ्रेंच कपडे घातले, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. विधी झाला हे खरं, लाकडी मंडप उभारला होता हेही खरं. पण नागवं केल्याचा तपशील ज्यांच्या आठवणींतून आला, त्या बाई त्या दिवशी तिथं नव्हत्या. मी तो भाग जरा सांभाळूनच सांगते.

त्यानंतर आईची पत्रं. व्हिएन्नाहून दर महिन्याला टपालवाला निघायचा आणि उत्तर घेऊन परतायचा. आई विचारायची: दात स्वच्छ ठेवतेस का, वाचतेस काय, पुरुषासारखी घोड्यावर बसतेस ते बंद कर, डोक्यावर पिसांचे मनोरे कशाला. आणि दर खेपेस पाळीची चौकशी. घरात त्याला 'जनरल क्रोटेनडॉर्फ' असं टोपणनाव होतं, आणि राजकन्या इमानानं कळवायची की जनरलसाहेब येऊन गेले किंवा आले नाहीत. आपल्याकडे 'कावळा शिवला' म्हणत, तसं काहीसं. विनोद वाटतो, पण यात मोठं राजकारण होतं. मूल होत नाही तोवर मुलगी कधीही परत धाडली जाऊ शकत होती, आणि तिच्याबरोबर १७५६ ची मैत्रीही. सात वर्षं मूल झालं नाही. शेवटी १७७७ मध्ये थोरला भाऊ योसेफ स्वतः पॅरिसला आला, जावयाशी मोकळेपणानं बोलला, आणि डिसेंबर १७७८ मध्ये पहिली मुलगी झाली. आजीचंच नाव, मारी तेरेझ.

आईला एवढं सगळं कळायचं कसं, याचं कोडं मुलीला कधी उलगडलं नाही. ऑस्ट्रियाचा राजदूत मेर्सी तिच्या विश्वासातला, वडीलधारा माणूस. तोच दर महिन्याला राणीच्या दिवसभराचा अहवाल व्हिएन्नाला पाठवायचा, आणि त्यातला नाजूक भाग वेगळ्या कागदावर 'तिबी सोली', म्हणजे फक्त तुमच्यासाठी, असा शेरा मारून. इथं एक सावधगिरी. मारी आंत्वानेतची म्हणून १८६४ मध्ये पॅरिसला छापलेली बरीच पत्रं बनावट होती. व्हिएन्नाच्या दफ्तरातल्या मूळ पत्रांशी पडताळल्यावर ते उघडं पडलं. इंटरनेटवर तिच्या नावावरची गोड गोड वाक्यं दिसली तर ती कुठून आली ते आधी बघावं.

या पत्रांमागची अपेक्षा एकच होती. लेकीनं सासरी राहून माहेरचं काम करायचं. बव्हेरियाच्या वारसाचा तंटा १७७८ मध्ये पेटला तेव्हा आई आणि भाऊ दोघंही तिच्या मागे लागले, नवऱ्याला आमच्या बाजूनं उभा कर म्हणून. फ्रान्सच्या मंत्र्यांनी दाद दिली नाही. शेल्ट नदीवरून १७८४ मध्ये योसेफ हॉलंडशी भांडला, तेव्हा पुन्हा तेच. या वेळी तडजोड झाली आणि हॉलंडनं योसेफला द्यायच्या रकमेतला काही भाग फ्रान्सनं भरला. पॅरिसच्या लोकांनी याचा एकच अर्थ घेतला: ही बाई आमचा पैसा भावाला पाठवते. 'ती ऑस्ट्रियन' ही शिवी तिला पहिल्यापासून चिकटली होती, आता तिला पुरावाही मिळाला. १७९३ च्या खटल्यात भावाला पैसे पाठवल्याचा आरोप तिच्यावर ठेवला गेला. प्रत्यक्षात माहेरच्या दृष्टीनं ती फारशी कामाची मुलगी नव्हतीच. योसेफ आणि मेर्सी दोघंही तिच्यावर नाराज असायचे.

याच्या उलट कारोलिना. अंतोनियाहून तीन वर्षांनी मोठी, दोघी एकाच दाईच्या हाताखाली वाढल्या, इतक्या जोडीनं की खोड्या वाढल्या म्हणून आईनं १७६७ मध्ये त्यांना वेगळं केलं. नेपल्सला निघताना कारोलिना गाडीतून उतरून धाकटीच्या गळ्यात पडली, असं सांगतात. तिच्या आधीच्या योसेफाविषयी आईनंच लिहून ठेवलं होतं की मी तिच्याकडे राजकारणासाठी दिलेला बळी म्हणून बघते. शिकारीपलीकडे काही न सुचणारा अडाणी नवरा, तिचं पहिलं वर्ष रडण्यात गेलं. पण तिच्या लग्नाच्या करारात आईनं एक कलम घालून घेतलं होतं: मुलगा झाला की राणीला राज्यमंडळात जागा. मुलगा १७७५ मध्ये झाला, राणी मंडळात बसली, आणि पुढच्या वर्षी स्पेनच्या तंत्रानं चालणारा जुना मंत्री तानुच्ची घरी गेला. नेपल्स मग तिनंच चालवलं. सतरा-अठरा बाळंतपणं सोसून! नवऱ्याची लायकी नसणं तिच्या पथ्यावर पडलं. बहिणीला तसा नवराही मिळाला नाही, तसं कलमही नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या राजकन्या, ज्या माहेरातून हलल्याच नाहीत. फ्रान्सच्या पंधराव्या लुईला आठ मुली झाल्या. १७३८ मध्ये राजवाड्याचा खर्च वाचावा म्हणून मंत्री कार्डिनल फ्लरीनं चार धाकट्यांना लांबच्या फोंतेव्रो मठात धाडलं: व्हिक्त्वार पाच वर्षांची, सोफी चारला टेकलेली, तेरेझ दोनची आणि लुईझ अकरा महिन्यांची. सहा वर्षांच्या आदेलाईदनं बापापुढे रडून आपलं जाणं टाळलं. दहा-बारा वर्षं आईबाप भेटायला गेले नाहीत. तेरेझ आठव्या वर्षी तिथंच वारली. उरलेल्या तिघी कशा दिसतात ते आईला कळावं म्हणून १७४७ मध्ये नात्ये या चित्रकाराला मठात पाठवून त्यांची चित्रं काढवली. ती चित्रं आज बघताना त्या रेशमी झग्यांपेक्षा मला ही हकीकतच आठवते.

या आठ जणींत लग्न एकीचंच झालं, थोरल्या लुईझ एलिझाबेथचं, १७३९ मध्ये, बाराव्या वर्षी, स्पेनच्या धाकट्या राजपुत्राशी. चौदाव्या वर्षी ती आई झाली. पुढे नवऱ्याला पार्माची लहानशी गादी मिळाली, पण तिचा जीव तिथं रमला नाही. ती तीनदा व्हर्सायला आली आणि आली की वर्षवर्ष, कधी दोन वर्षं राहिली. आपली माहेरवाशीण चार दिवस विसाव्याला येते. ही यायची ती नवऱ्यासाठी मोठं राज्य आणि मुलीसाठी मोठं स्थळ मागायला. स्थळ जमत आलं आणि डिसेंबर १७५९ मध्ये ती व्हर्सायलाच देवीनं वारली. ती मुलगी म्हणजे वर आलेली योसेफची इसाबेला.

इसाबेलाविषयी थोडं थांबायलाच हवं. ती एकवीस वर्षं जगली. व्हिएन्नात नवरा तिच्यावर जीव टाकत होता. तिचा जीव मात्र नणंदेत, मिमीत गुंतला होता. तिनं मिमीला लिहिलेली जवळजवळ दोनशे पत्रं उरली आहेत, फ्रेंचमध्ये, एकाच घरात राहून लिहिलेली. ती नुसती मैत्री होती की प्रेम, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्चली आहे. मला ती पत्रं प्रेमाचीच वाटतात. राजकन्यांच्या नशिबाविषयी तिनं एक टिपणही लिहिलं होतं. त्याचा मथितार्थ असा की मोठ्या राजाची मुलगी जन्मतःच लोकांच्या समजुतींची बंदी असते, आणि शेवटी जिचा स्वभावही माहीत नाही अशा माणसासाठी तिला घर आणि देश सोडावा लागतो. देवी आली, त्यातच अवेळी बाळंत झाली आणि नोव्हेंबर १७६३ मध्ये गेली.

तिच्या मावश्या व्हर्सायलाच म्हाताऱ्या झाल्या. फ्रान्सच्या राजाच्या मुलीला शोभेल असं कॅथलिक स्थळ मोजकंच, आणि हलकं स्थळ चालायचं नाही. बाप त्यांना लाडानं डुकरीण, चिंधी, कावळी असल्या नावांनी हाक मारायचा. लुईझनं १७७० मध्ये कार्मेल मठाची वाट धरली. मे १७७४ मध्ये बापाला देवी आल्या तेव्हा बाकीचा दरबार दाराबाहेर आणि या तिघी पलंगाशी. तिघींनाही लागण झाली आणि तिघी वाचल्या. क्रांतीत आदेलाईद आणि व्हिक्त्वार १७९१ मध्ये रोमला निघाल्या, तिथून नेपल्स, मग त्रिएस्ते. 'ऑस्ट्रियन' ही शिवी व्हर्सायमध्ये रुजवण्यात आदेलाईदचा वाटा थोडा नव्हता. नेपल्समध्ये तिनं पाहुणचार घेतला तो त्याच ऑस्ट्रियनच्या सख्ख्या बहिणीकडे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. माहेर म्हणजे कोण, हे तारखा लावून पाहा. आई नोव्हेंबर १७८० मध्ये गेली. योसेफ फेब्रुवारी १७९० मध्ये. त्याच्यामागे लिओपोल्ड आला. तो १७६५ मध्ये टस्कनीला गेला तेव्हा अंतोनिया नऊ वर्षांची होती, म्हणजे बहीण त्याला जेमतेम आठवत असणार. तोही १ मार्च १७९२ ला गेला. गादीवर चोवीस वर्षांचा फ्रान्झ बसला, ज्यानं या आत्याला कधी पाहिलंही नव्हतं. आईबापांमागे माहेर भावाचं होतं आणि भावामागे भाच्याचं, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यातून २० एप्रिल १७९२ ला फ्रान्सनं ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं. मिमी आणि आल्बर्ट ब्रुसेल्सला कारभारी होते, सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर, पण त्या वर्षाच्या अखेरीस फ्रेंच फौजेपुढे त्यांनाच पळावं लागलं. जीव तुटून काही करावं असं वाटणारी एकटी कारोलिना होती, आणि ती सगळ्यांत लांब.

सोडवणुकीला काहीच नव्हतं असंही नाही. एप्रिल १७९३ मध्ये फ्रेंच सेनापती द्युमुरिए फितूर झाला आणि त्यानं पॅरिसहून आलेले चार लोकप्रतिनिधी आणि खुद्द युद्धमंत्री ऑस्ट्रियाच्या ताब्यात दिले. मोठी माणसं होती. सहा महिने राणी पॅरिसच्या तुरुंगात आणि हे कैदी ऑस्ट्रियाच्या. अदलाबदल झाली नाही. आत्यासाठी युद्धातला हुकमाचा पत्ता टाकावा असं व्हिएन्नाला वाटलं नाही. १६ ऑक्टोबरला तिचं डोकं उडवलं.

तेच कैदी, आणि त्यांच्याबरोबर नंतर पकडलेला द्रुए, ज्यानं १७९१ मध्ये पळणाऱ्या राजाला ओळखलं होतं, हे सगळे डिसेंबर १७९५ मध्ये बासेलजवळ फ्रान्सला परत दिले गेले. बदल्यात ऑस्ट्रियानं घेतली ती मारी तेरेझ, राणीची सतरा वर्षांची लेक, कुटुंबातली एकटी जिवंत सुटलेली. आजोळी पोचल्यावर तिच्यासाठी स्थळ तयारच होतं: मामेभाऊ, आर्चड्यूक कार्ल. तिनं नकार दिला, तीनहून जास्त वर्षं व्हिएन्नात काढली आणि १७९९ मध्ये मिटाऊला (आजच्या लातवियात) चुलत्यांकडे जाऊन चुलतभावाशी लग्न केलं.